किल्ली कोणाच्या हातात?



वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतल्या माणसाला बोलावणे आले, की त्याने बोनस, संप, कारखानदारी असा एखादा विषय घ्यावा अशी सर्वांची अपेक्षा असते. आमचा विषय ऐकून चालकांच्या भुवया थोड्या वर गेल्या. अमेरिकेतील अपंगांना घरी राहून मिळणाऱ्या सेवा, आणि त्या सेवांचे सरकारी नियम! विषय दूरचा आणि रुक्ष वाटण्याजोगा आहे खरा. परंतु नियम वाचणे हा आमचा धंदाच आहे. आमचे शाळेतले शिक्षण आठवीला संपले. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाशी लावलेल्या स्थायी आदेशांच्या तक्त्यापुढे आणि नगर वाचनालयाच्या बाकावर झाले. त्या तक्त्याने आम्हांला एक गोष्ट शिकविली. जी गोष्ट करू नये म्हणून नियमात लिहिलेले असते, ती गोष्ट कोठेतरी चालू होती म्हणूनच ते लिहावे लागलेले असते. कामगारास लघवीला जाण्यास अडवू नये, असे आम्ही एका करारात लिहून घेतले होते. त्यापूर्वी काय होत होते ते निराळे सांगावयास नको.

या विषयाकडे आम्ही वळलो त्याला कारण एक जुना सहकारी आहे. आमच्या गावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात माल उतरविताना त्याच्या पाठीवर ओझे कोसळले आणि कमरेखालचे शरीर गेले. नुकसानभरपाईसाठी युनियनने चार वर्षे खटला लढविला, आणि जिंकला. पैसे हातात पडले त्या दिवशी आम्ही पेढे वाटले व प्रकरणाची फाइल बांधून ठेवली. तो राहत होता तिसऱ्या मजल्यावर. पुढे कित्येक वर्षे तो खाली उतरला नाही. ‘घरी आहे, घरचे बघतात,’ असे आम्ही एकमेकांना सांगत आलो. त्याला खाली कोण आणणार, हा प्रश्न आमच्या मागणीपत्रात कधी आलाच नाही. ही चूक आमची आहे, आणि आजचे भाषण एका अर्थी त्या चुकीचा जबाब आहे.

एक शब्दाचा खुलासा. सरकारदरबारी आज ‘दिव्यांग’ हा शब्द चालतो. आम्ही जुन्या सवयीने ‘अपंग’ म्हणतो. त्यात अनादर नाही.

आता मूळ विषय. अमेरिकेत गरिबांच्या आणि अपंगांच्या औषधोपचाराची मेडिकेड नावाची योजना आहे. केंद्र आणि राज्ये मिळून तिचा खर्च करतात. या योजनेखाली ज्यांना घरी किंवा वस्तीतल्या लहान निवासात सेवा मिळतात, त्यांच्यासाठी केंद्र सरकारने १६ जानेवारी २०१४ रोजी एक नियम प्रसिद्ध केला. सेवेची जागा समाजात मिसळलेली असावी. माणसाला एकांत, प्रतिष्ठा आणि जबरदस्तीपासून मुक्तता असावी. ही झाली तत्त्वे. पण सेवा देणाऱ्या संस्थेच्याच मालकीच्या निवासात जो राहतो, त्याच्याविषयी नियम आणखी खाली उतरतो. त्याच्या खोलीच्या दाराला कुलूप असावे आणि ते आतून लावता यावे. किल्ली त्याच्याकडे आणि ज्याला खरोखर गरज आहे त्याच नोकराकडे असावी. खोलीत सोबती कोण असावा हे त्याने निवडावे. खोली त्याने आपल्या आवडीने सजवावी. त्याला केव्हाही खायला मिळावे. पाहुणे केव्हाही यावेत. आपला दिवस कसा घालवायचा ते त्याने ठरवावे. आणि भाडेकरूला जागेवरून काढण्याविरुद्ध कायद्याचे जे संरक्षण असते, त्या तोडीचे संरक्षण त्यालाही असावे.

श्रोतेहो, हे ऐकताना क्षणभर थांबावे. भूक लागली की खावे, बहीण आली तर तिला भेटावे, न्हाताना दार लावावे, यासाठी एका बलाढ्य देशाच्या सरकारला राजपत्र काढावे लागले. तेव्हा स्थायी आदेशांचा न्याय येथे लावा. आधी काय चालले होते?

आधी संस्था होत्या. एकोणिसाव्या शतकापासून तेथे राज्याराज्यांतून वेड्यांसाठी आणि मतिमंद म्हटल्या जाणाऱ्यांसाठी गावाबाहेर प्रचंड इमारती उभ्या राहिल्या. १९५५ साली सरकारी मनोरुग्णालयांतच साडेपाच लाखांवर माणसे होती. न्यूयॉर्क शहराच्या स्टेटन बेटावरील विलोब्रुक ही शाळा सुमारे ४,००० मुलांसाठी बांधलेली. १९६५ साली तेथे ६,००० होती. त्या साली सिनेटर रॉबर्ट केनेडी ती पाहून आले आणि त्यांनी तिला सापांच्या खड्ड्याची उपमा दिली. उपमा गाजली, खड्डा तसाच राहिला. १९७२ च्या जानेवारीत मायकेल विल्किन्स नावाच्या तेथल्या डॉक्टराला कामावरून काढण्यात आले. मुलांच्या आईबापांना एकत्र करून तो त्यांना मागण्या करायला लावीत होता. जाताना एका इमारतीची किल्ली त्याच्यापाशी राहिली. त्या किल्लीने त्याने जेराल्डो रिव्हेरा या तरुण दूरचित्रवाणी बातमीदाराला आत नेले, आणि उघडी, मळलेली, जमिनीवर पडलेली मुले साऱ्या देशाने घरबसल्या पाहिली. आईबाप न्यायालयात गेले, १९७५ साली तडजोडीचा हुकूमनामा झाला, आणि विलोब्रुक १९८७ साली बंद झाले.

केवळ क्रौर्याने अशा संस्था चालत नाहीत. त्यामागे हिशेबाची वही असते, आणि ती वही पाहिल्यावाचून हा इतिहास समजत नाही. १९६५ साली प्रेसिडेंट जॉन्सन यांनी मेडिकेडच्या कायद्यावर सही केली. त्या कायद्याने प्रौढ माणसाच्या शुश्रूषागृहाचा खर्च देणे राज्यांवर बंधनकारक केले. पण घरी येऊन अंथरुणातून उठविणे, न्हाऊ घालणे, जेवू घालणे या मदतीचा खर्च द्यायचा की नाही, हे राज्याच्या मर्जीवर राहिले. परिणाम उघड होता. माणूस संस्थेत गेला तर पैसा हक्काने, घरी राहिला तर मेहरबानीने. कोणी दुष्ट बुद्धीने हे केले असे नव्हे. त्या काळी ‘सोय’ म्हणजे खाट, असेच सर्वांना वाटे. परंतु पैसा ज्या वाटेने वाहतो त्या वाटेने माणसेही वाहत जातात.

याच काळात अपंग स्वतः बोलू लागले. कॅलिफोर्नियातील एड रॉबर्ट्स याला १४ व्या वर्षी पोलिओ झाला. मानेखाली हालचाल नाही, रात्री श्वासासाठी लोखंडी फुप्फुसात झोपायचे. १९६२ साली त्याने बर्कलेच्या विद्यापीठात प्रवेश मिळविला. ते यंत्र वसतिगृहात मावेना, म्हणून तो विद्यापीठाच्या रुग्णालयात राहू लागला. मागोमाग त्याच्यासारखे आणखी विद्यार्थी आले. त्यांच्या चर्चांतून जो विचार निघाला तो आम्हां कामगारांना तत्काळ पटण्यासारखा आहे. स्वावलंबन म्हणजे सर्व कामे आपल्या हाताने करणे नव्हे. कोणते काम केव्हा व्हावे याचा हुकूम आपला असणे, हे स्वावलंबन. मदतनीस कोण असावा ते मी ठरवीन, त्याला काम मी शिकवीन, आणि तो मला उठवील ते मी म्हणेन त्या वेळी. १९७२ साली बर्कले येथे अपंगांनीच चालविलेले स्वतंत्र जीवन केंद्र स्थापन झाले. ज्या पुनर्वसन खात्याने रॉबर्ट्सला पूर्वी कामास अयोग्य ठरविले होते, त्याच खात्याचा तो १९७५ साली संचालक झाला.

पुढचा प्रसंग सांगताना आम्हांला विशेष आनंद होतो. १९७३ च्या एका कायद्यात ५०४ क्रमांकाचे कलम होते. केंद्राचा पैसा घेणाऱ्या कोणीही अपंगांशी भेदभाव करू नये, एवढाच त्याचा आशय. कायदा झाला, पण त्याखालचे नियम चार वर्षे सहीवाचून पडून राहिले. कायदा हातात आणि नियम नाहीत, हे दुखणे कोणत्या युनियनवाल्याला ठाऊक नाही? अखेर ५ एप्रिल १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत सुमारे दीडशे अपंग आणि त्यांचे साथी सरकारी कचेरीत शिरून बसले. ज्युडिथ ह्यूमन आणि किटी कोन या दोन स्त्रिया पुढारीपणात होत्या. सरकारने टेलिफोन तोडले. तेव्हा बहिऱ्या सत्याग्रहींनी खिडकीतून हातांच्या खुणांनी बाहेर निरोप पोहोचविले. ब्लॅक पँथर पक्षाच्या लोकांनी रोज गरम जेवण आणून दिले. सत्याग्रहींचे शिष्टमंडळ वॉशिंग्टनला गेले, तेव्हा मशिनिस्ट कामगारांच्या युनियनने त्यांना आसरा दिला आणि चाकाच्या खुर्च्यांसकट त्यांना फिरविण्यासाठी एक ट्रक मिळवून दिला. २८ एप्रिलला मंत्र्याने सही केली. त्या मशिनिस्टांना भविष्यात काही मिळणार होते म्हणून त्यांनी ट्रक दिला नाही. आमच्या फाइलीत मात्र असा ट्रक नव्हता, हे येथे नमूद करावे लागते.

आता आपण १९८१ सालाकडे येतो. घरी मिळणाऱ्या सेवांचे नियम येथून सुरू होतात. आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्स गावी केटी बेकेट ही मुलगी १९७८ साली जन्मली. काही महिन्यांची असतानाच मेंदूच्या ज्वराने तिचे अंग लुळे पडले व श्वासाला यंत्र लागले. विम्याचे पैसे संपले. पुढे मेडिकेडने खर्च उचलला, पण ती रुग्णालयात आहे तोवरच. घरी नेली तर आईबापांचे उत्पन्न तिचे उत्पन्न म्हणून मोजले जाणार, आणि मदत बंद होणार. घरी तिचा खर्च रुग्णालयाच्या एक षष्ठांशाच्या आसपास आला असता. १० नोव्हेंबर १९८१ रोजी प्रेसिडेंट रेगन यांनी वार्ताहरांपुढे सरकारी मूर्खपणाचा नमुना म्हणून हे उदाहरण दिले. नियमात अपवाद करण्यात आला, आणि नाताळापूर्वी ती मुलगी घरी आली. १९८२ साली तशा मुलांसाठी कायद्यातच तरतूद झाली. केटी पुढे पदवीधर झाली, अपंगांसाठी बोलत-लिहीत राहिली, आणि २०१२ साली ३४ व्या वर्षी वारली.

त्याच १९८१ च्या ऑगस्टमध्ये अंदाजपत्रकाच्या एका मोठ्या कायद्यात १९१५ क या कलमाने राज्यांना ‘वेव्हर’, म्हणजे सूट, मागण्याची मुभा मिळाली. राज्याने अर्ज करावा, आणि संस्थेऐवजी घरी सेवा द्यावी: मदतनीस, दिवसाचे केंद्र, घरच्यांना चार दिवस विसावा, इत्यादी. अटी नीट ऐकाव्यात. माणूस संस्थेत ठेवण्याइतका अपंग असला पाहिजे. घरचा सरासरी खर्च संस्थेच्या खर्चाहून अधिक होता कामा नये. घरभाडे आणि जेवण यांचा पैसा यातून मिळणार नाही. आणि किती माणसांना घ्यायचे तो आकडा राज्य ठरवील.

या कलमाने लक्षावधी माणसे घरी राहू शकली, ही गोष्ट कृतज्ञतेने सांगितली पाहिजे. २०१३ साली दीर्घ मुदतीच्या सेवांवरील मेडिकेडचा निम्म्याहून अधिक खर्च प्रथमच घरच्या आणि वस्तीतल्या सेवांवर झाला. पण ‘सूट’ हा शब्दच बोलका आहे. सूट नियमापासून मिळते, आणि नियम होता संस्थेचा. घरी राहणे हा अपवाद, आणि त्यालाही कारण स्वस्ताई! ज्या दाराचे बिजागर बचतीचे, ते दार बचत संपली की लागते. आकडा भरला की उरलेले रांगेत उभे राहतात; २०२४ साली निरनिराळ्या राज्यांच्या याद्यांवर मिळून सुमारे ७ लाख नावे होती. २०२५ साली मेडिकेडच्या खर्चात मोठी कपात करणारा कायदा झाला. अशा वेळी जे बंधनकारक ते टिकते आणि जे ऐच्छिक त्यावर कुऱ्हाड आधी पडते, हे कोणत्याही कारकुनाला विचारावे.

हिशेबाच्या जागी हक्क आणण्याचे काम रस्त्यावर आणि न्यायालयात झाले. डेनव्हर शहरात वेड ब्लँक नावाचा एक पाद्री शुश्रूषागृहात नोकरीला होता. तेथल्या तरुण अपंगांना त्याने बाहेर काढून स्वतंत्र घरांत राहण्यास मदत केली. त्या मंडळींपैकी १९ जणांनी जुलै १९७८ मध्ये भर चौकात बसगाड्यांच्या पुढेमागे चाकाच्या खुर्च्या लावून रात्रभर रस्ता अडविला. घर मिळाले, पण बसमध्ये चढता येत नसेल तर ते घर म्हणजे दुसरी संस्थाच, हे त्यांना कळले होते. त्यातून उभ्या राहिलेल्या अडॅप्ट या संघटनेचे लोक १२ मार्च १९९० रोजी वॉशिंग्टनच्या संसदभवनाच्या पायऱ्या खुर्च्या सोडून सरपटत चढले. २६ जुलै १९९० रोजी अपंगांच्या नागरी हक्कांचा कायदा झाला.

या कायद्याचा कस जॉर्जिया राज्यात लागला. लोईस कर्टिस आणि एलेन विल्सन या दोन स्त्रिया अटलांटाच्या सरकारी मनोरुग्णालयात होत्या. लोईसला वस्तीत राहता येईल असे तिच्या डॉक्टरांनीच १९९३ साली ठरविले होते, तरी १९९६ च्या फेब्रुवारीपर्यंत ती आतच राहिली. मोफत कायदेमदत देणाऱ्या सुझन जेमिसन या वकिलीणबाईंनी तिचा दावा चालविला. २२ जून १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. निकालपत्र न्यायमूर्ती रूथ गिन्सबर्ग यांचे. विनाकारण संस्थेत डांबून ठेवणे हाच भेदभाव होय, असे त्यांनी ठरविले. कारणे दोन दिली. असे डांबल्याने ही माणसे समाजात राहण्यास अपात्र आहेत असा समज पक्का होतो. आणि कुटुंब, मैत्री, काम, शिक्षण हे त्यांचे रोजचे जगणे आखडते. अर्थात राज्याच्या साधनांचा विचार करण्याची सवड न्यायालयाने ठेवली, आणि त्या सवडीतून रांगा शिल्लक राहिल्या. लोईस मात्र बाहेर आली. चित्रकार म्हणून तिने नाव मिळविले, आणि २०११ साली आपले एक चित्र तिने प्रेसिडेंट ओबामांना स्वहस्ते दिले.

२०१४ चा नियम या निकालाच्या वाटेवरचा पुढचा टप्पा आहे. मोठ्या संस्था मोडल्या, पण वस्तीतल्या लहान घरांत जुनी शिस्त वेष पालटून आली: जेवणाची घंटा, भेटीची वेळ, किल्ल्यांचा जुडगा नोकराच्या कमरेला. म्हणून नियमाला कुलुपापर्यंत यावे लागले. कोणाच्या बाबतीत यांतील एखादी मुभा आवळायचीच झाली, तर त्याची विशिष्ट गरज लेखी दाखवावी, आधी सौम्य उपाय करून पाहावेत, मुदत घालावी आणि त्याची संमती घ्यावी. सेवेची योजना त्याच्या उपस्थितीत, शक्य तेथे त्याच्याच पुढाकाराने आखावी आणि वर्षातून एकदा तरी तपासावी. पूर्ण अंमलबजावणीची मुदत आधी २०१९ ची होती. ती ढकलत १७ मार्च २०२३ वर गेली. नऊ वर्षे! नियम लिहिणाऱ्याचे काम एका दिवसाचे, तो पाळायला लावणाऱ्याचे पिढीचे.

आता आमच्या स्वतःच्या बिरादरीविषयी दोन शब्द, कारण येथे आम्हांला अवघड वाटते. १९७५ साली अमेरिकेतील सरकारी नोकरांच्या एका मोठ्या युनियनने पुस्तिका काढून संस्था रिकाम्या करण्याच्या धोरणावर टीका केली. रुग्णांना खाटांवरून उठवून रस्त्यावर टाकले जात आहे, असा तिचा आक्षेप. त्या आक्षेपात तथ्य होते, कारण अनेक ठिकाणी खाटा काढल्या गेल्या आणि घरची सेवा दिलीच गेली नाही. पण त्यात आपल्या सभासदांच्या नोकऱ्यांची चिंताही होती. एकाचा रोजगार दुसऱ्याच्या कोंडवाड्यावर उभा असेल, तर युनियनने कोठे उभे राहावे? आमच्यावर तो प्रसंग आला असता तर आम्ही काय केले असते, हे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

त्या प्रश्नाचे एक उत्तर लॉस एंजलिसने दिले. घरी जाऊन सेवा करणाऱ्या बाया बहुतांशी काळ्या, मेक्सिकन, परदेशांतून आलेल्या. १९७४ साली घरकामगारांना किमान वेतनाचा कायदा लागू झाला, तेव्हा वृद्ध व आजाऱ्यांच्या ‘सोबतीचे’ काम करणाऱ्यांना त्यातून वगळण्यात आले. सोबत म्हणजे काम नव्हे, असा त्याचा अर्थ. जमैकाहून आलेल्या एव्हलिन कोक या बाईने वीसेक वर्षे न्यूयॉर्कमध्ये हे काम केले, जादा तासांचा मोबदला मागितला, आणि २००७ साली सर्वोच्च न्यायालयात तो दावा हरला. लॉस एंजलिसमध्ये या बायांना संघटित करताना पहिला पेच पडला, मालक कोण? पैसा सरकारचा, घर अपंगाचे. तेव्हा अपंगांच्या संघटना आणि युनियन एकत्र बसल्या. वेतनाच्या वाटाघाटीसाठी एक सार्वजनिक प्राधिकरण असावे, आणि मदतनीस नेमण्याचा व काढण्याचा अधिकार अपंगाकडेच राहावा, अशी वाट निघाली. १९९९ साली तेथल्या ७४,००० कामगारांसाठी झालेल्या मतदानात युनियनच्या बाजूने कौल मिळाला. १९३७ नंतरचा अमेरिकेतील संघटनेचा सर्वांत मोठा विजय म्हणून तो ओळखला जातो. २०१३ साली केंद्राने नवा नियम करून या कामगारांपैकी बहुतेकांना किमान वेतनाचे संरक्षण दिले. २०२५ साली तोच मागे घेण्याचा प्रस्ताव सरकारने मांडला. तेव्हा विजयाची नोंदही पेन्सिलीनेच करावी लागते.

आपल्याकडे काय? अपंगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने २००७ साली मान्य केला, आणि २०१६ साली नवा कायदा झाला. त्याच्या पाचव्या कलमात अपंगास समाजात राहण्याचा हक्क आहे असे स्पष्ट म्हटले आहे. पण पुढचे पोटकलम वाचावे. अमुक एका ठिकाणीच राहण्याची त्याच्यावर सक्ती होऊ नये, त्याला घरी व वस्तीत मदतनिसासह सेवा मिळाव्यात, यासाठी सरकार ‘प्रयत्न करील’. करारात ‘व्यवस्थापन प्रयत्न करील’ हे शब्द आले की आमचा हात सहीपूर्वी थांबतो. अमेरिकेत घराचा हक्क ‘सूट’ या शब्दात अडकला. आपल्याकडे तो ‘प्रयत्न’ या शब्दात अडकला आहे. आपल्याकडे संस्था थोड्या, म्हणून आपण निर्दोष, असेही समजू नये. जे काम तेथे पगारी मदतनीस करते ते येथे आई, बायको, बहीण बिनपगारी करते, आणि ती थकली की तिसऱ्या मजल्यावरची खोली हीच संस्था होते.

आमचा तो सहकारी आता तळमजल्यावर राहतो. खोल्यांची अदलाबदल करायला सोसायटीला राजी करण्यात आमची दोन वर्षे गेली. खटल्याहून ते सोपे होते, फक्त ते कोणी केले नव्हते. दोन माणसांच्या पगाराची वर्गणी आम्ही जमवितो. वर्गणी हा हक्क नव्हे, हे आम्हांला कळते. उद्या वर्गणी आटेल. म्हणून मदतनिसाची मागणी नगरपालिकेपुढे आणि सरकारपुढे ठेवावी लागेल, आणि ती अपंगांनी व त्यांची सेवा करणाऱ्या बायांनी मिळून ठेवावी, यासाठी हा सारा इतिहास आपल्यापुढे मांडला.

खोली बदलल्यावर त्याने आमच्याकडून एकच काम करून घेतले. दाराची कडी खुर्चीतून हात पोहोचेल एवढी खाली घेतली. पहिल्या दिवशी आम्ही सवयीप्रमाणे दार ढकलून आत शिरलो. तो म्हणाला, ‘‘अण्णा, आता आधी कडी वाजवायची.’’ दोन हजार चौदाचा तो लांबलचक नियम आम्ही पुष्कळ वाचला होता. त्याचा अर्थ आम्हांला त्या दिवशी कळला.